औषध विकायला डिप्लोमा, ड्रोन उडवायला प्रमाणपत्र. मग पाठीवर पंप घेणाऱ्याला शिकवणार कोण?

२०१७ चा खरीप. यवतमाळ जिल्ह्यातून एकसारख्या बातम्या यायला लागल्या. दिवसभर कपाशीवर फवारणी केलेला माणूस संध्याकाळी घरी येतो. मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, श्वास घ्यायला त्रास. रात्री दवाखाना.

त्या हंगामात एकट्या यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जणांवर उपचार करावे लागले. चौकशी झाली, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली, विक्रेत्यांवर कारवाई झाली. कारणंही बरीच पुढे आली. त्या वर्षी कपाशी डोक्यापर्यंत वाढली होती. बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या होत्या. दोन-तीन औषधं एकत्र करून मारली जात होती. जास्त दाबाने तुषार उडवणारे पंप आले होते. अंगावर ना हातमोजे, ना मास्क.

या सगळ्या कारणांखाली एक प्रश्न मात्र तसाच राहिला. हे काम कसं करायचं, हे त्या माणसाला कोणी आणि कधी शिकवलं होतं?

आता ही तुलना बघा.

कीटकनाशक विकायचं असेल तर दुकानदाराला ठरावीक शैक्षणिक पात्रता लागते. कृषी पदवी नसलेल्या विक्रेत्यांसाठी 'देसी' नावाचा वर्षभराचा डिप्लोमाही आहे.

ड्रोनने फवारणी करायची असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं.

आणि पाठीवर पंप अडकवून, त्याच औषधाच्या ढगातून दिवसभर चालायचं असेल तर? काहीच लागत नाही. १९७१ च्या कीटकनाशक नियमांमध्ये संरक्षक कपडे आणि प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, पण ती जबाबदारी उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणाऱ्यांवर आहे. सकाळी चौकातून रोजाने आणलेल्या मजुराला "तू हे शिकलायस का?" असं विचारणारं कोणी नाही.

हा फक्त फवारणीचा प्रश्न नाही. देशाच्या अन्नधोरणातच एक रिकामी जागा आहे. अन्न पिकवणाऱ्या माणसाने काम शिकायचं कुठे, ही ती जागा.

आपलं अन्नधोरण नेमकं कशाबद्दल आहे?

भारताच्या अन्नधोरणाचा सगळ्यात मोठा खांब म्हणजे २०१३ चा राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा. ग्रामीण भागातल्या ७५ टक्के आणि शहरी भागातल्या ५० टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८१ कोटी माणसांना, स्वस्त धान्याचा हक्क या कायद्याने दिला. २०२३ पासून हे धान्य मोफत आहे.

दुसरा खांब धान्य पिकवण्याचा. हमीभाव, सरकारी खरेदी, खतांवरचं अनुदान, पीककर्ज, पीकविमा. तिसरा म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यात थेट पैसे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या पीएम-किसानमध्ये जमीन असलेल्या शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये मिळतात.

म्हणजे धोरण धान्य मोजतं, खाणारी तोंडं मोजतं, खताची पोती मोजतं आणि जमिनीचा सातबारा मोजतं. पुढच्या वीस वर्षांत या जमिनीवर काम कोण करणार आणि ते काम त्यांना येणार कसं, हा हिशेब कुठेच होत नाही. तो आपोआप होतो, असं गृहीत धरलंय. शेतकऱ्याचं पोर बापाबरोबर रानात जाणार आणि बघून बघून शिकणार.

बरीच वर्षं हे खरंही होतं. आता ते किती खरं राहिलंय?

शेतात आज काम कोण करतं?

२००१ च्या जनगणनेत देशात १२.७३ कोटी शेतकरी होते आणि १०.६८ कोटी शेतमजूर. दहा वर्षांत चित्र उलटं झालं. २०११ मध्ये शेतकरी ११.८८ कोटींवर आले आणि शेतमजूर १४.४३ कोटींवर गेले.

म्हणजे भारताच्या शेतात राबणाऱ्यांमध्ये स्वतःची जमीन कसणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे जास्त झाले. बापाकडून शिकायची गोष्ट तिथेच अर्धी संपते. मजुराच्या पोराला शिकायला बापाची शेतीच नाही.

दुसरा बदल बायकांचा. सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशातल्या एकूण कामकरी लोकांपैकी सुमारे ४६ टक्के शेतीत होते. पुरुषांमध्ये हा आकडा ३६ टक्के आणि बायकांमध्ये ६४ टक्के आहे. निंदण, खुरपण, भाताची लावणी, कापसाची वेचणी ही कामं मुख्यतः त्याच करतात. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत ज्यांच्या नावावर वहिवाट आहे अशांमध्ये बायका होत्या १४ टक्क्यांच्या आसपास. काम बाईचं आणि कागद बुवाचा. पुढे बघूया, प्रशिक्षणाच्या यादीत नाव कागदावरून लागतं.

तिसरा बदल खुद्द शेतकऱ्याच्या घरातला. २०१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकांमधून आले ३,७९८ रुपये आणि मजुरीतून ४,०६३ रुपये. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येत असेल, तर त्या घरातला मुलगा शेती शिकायला बापाच्या मागे रानात जाईल, की गाडीला किक मारून एमआयडीसीत?

पूर्वी लोक शिकायचे कसे?

मराठवाड्यात सालगडी, खानदेशात सालदार. वर्षभराच्या बोलीवर ठेवलेला गडी. पाडव्याला किंवा आखाजीला साल ठरायचं. तो वर्षभर एकाच शेतात असायचा. नांगरट, पेरणी, डवरणी, राखण, मळणी, बैलांचं दुखणंखुपणं, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. कोवळ्या वयात लागलेला गडी दहा वर्षांत असा तयार व्हायचा, की मालक पेरणीची तारीख त्याला विचारून ठरवायचा.

या पद्धतीत रमायचं कारण नाही. वर्षाची उचल आधी घेतली की गडी बांधला जायचा. कर्ज फिटेपर्यंत सुटका नाही आणि आजारी पडला तर खाडा. जातीची उतरंड होतीच. शिकणं व्हायचं, पण कामाचा एक परिणाम म्हणून. तो कोणाचा हक्क नव्हता.

आता सालगडी मिळत नाही, ही तक्रार गावोगाव ऐकू येते. काम रोजंदारीवर किंवा उक्तं होतं. उक्त्या कामात टोळी येते, एकर संपवते आणि दुसऱ्या शेतात जाते. फवारणीची मजुरी अनेक ठिकाणी पंपावर ठरते. जितके पंप जास्त, तितके पैसे जास्त. अशा कामात थांबून शिकायला वेळ नाही आणि शिकवायला मालकाला कारण नाही. उद्या तोच मजूर येईल याची खात्री कुठे आहे?

जुनी शाळा बंद पडली आणि नवी उघडली नाही, असं हे झालंय.

पण शिकाऊ उमेदवारीचा कायदा आहे ना?

आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१. आयटीआय झालेला पोरगा कंपनीत 'अप्रेंटिस' लागतो, तो याच कायद्याने. काम करत शिकायचं, दरमहा विद्यावेतन घ्यायचं, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. सध्याच्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेने आपल्या मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके शिकाऊ उमेदवार घ्यायलाच हवेत. २०१६ पासूनच्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, कमाल १,५०० रुपये, केंद्र सरकार उचलतं.

या कायद्याचं माप कारखान्याचं आहे. आणि शेताचं माप काय? देशातल्या सरासरी शेताचा आकार १.०८ हेक्टर, म्हणजे पावणेतीन एकरही नाही. ८६ टक्के खातेदार अल्पभूधारक किंवा अत्यल्पभूधारक. तिथे ३० कायमचे कामगार कुठून आणणार?

शेतीशी जोडलेली शिकाऊ उमेदवारी मिळते, पण ती दूध डेअरीत, प्रक्रिया उद्योगात किंवा ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये. बांधाच्या आत ती सहसा येत नाही.

नव्या योजनांचंही तेच. २०२४ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. सोशल मीडियावर तिचं नाव पडलं 'लाडका भाऊ'. बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. पण प्रशिक्षण देणाऱ्या खासगी आस्थापनेकडे पीएफ, जीएसटीसारख्या नोंदण्या हव्यात. त्याच वर्षीची पंतप्रधान इंटर्नशिप योजना देशातल्या आघाडीच्या ५०० कंपन्यांभोवती आखलेली.

म्हणजे गावातल्या एखाद्या पोराला सहा महिने पगारी काम शिकायचं असेल तर सरकार पैसे द्यायला तयार आहे. अट एकच, शिकवणारी कंपनी हवी. ज्याने वीस वर्षं डाळिंब सांभाळलंय, ज्याच्या बागेला तेल्या लागला तरी जो उभा राहिला, तो या व्यवस्थेत शिक्षक ठरत नाही. कारण तो आस्थापना नाही.

मग सरकार शेती शिकवतच नाही का?

शिकवतं, आणि बरंच शिकवतं. अडचण दुसरीकडे आहे.

कृषी विज्ञान केंद्रं घ्या. पहिलं केंद्र १९७४ मध्ये पुदुच्चेरीत सुरू झालं. आज देशभरात ७०० हून जास्त केंद्रं आहेत, महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक जिल्ह्यात एक तरी आहे. 'करून शिका' हेच त्यांचं मूळ तत्त्व. ग्रामीण तरुणांसाठी सात दिवसांची कौशल्य प्रशिक्षणं होतात. शेळीपालन, रोपवाटिका, मधमाशीपालन असे विषय असतात.

दुसरीकडे कृषी महाविद्यालयांचा कार्यानुभव. दरवर्षी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कृषीकन्यांनी केले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक' अशा फोटोसकट बातम्या येतात ना, तोच. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही विद्यापीठांचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी गावात राहतात आणि शेतकऱ्याबरोबर काम करतात. विद्यापीठाला मान्य असलेली, गुण मिळणारी, हंगामभराची ही शिकाऊ उमेदवारीच म्हणायची.

आता यातली गंमत बघा. ज्यांना पुढे बँकेत, स्पर्धा परीक्षेत किंवा बियाणं कंपनीत जायचंय, त्यांच्यासाठी शेतातली शिकाऊ उमेदवारी आहे. ज्यांना आयुष्यभर शेतातच राबायचंय, त्यांच्यासाठी सात दिवसांचा वर्ग.

पण सात दिवसांत काय शिकता येतं? शेती हंगामाने चालते. बोंडअळी ऑगस्टमध्ये कशी दिसते आणि ऑक्टोबरमध्ये काय करते, हे एका आठवड्यात दाखवता येत नाही. त्यासाठी त्याच शेतात पुन्हा पुन्हा जावं लागतं.

हे ओळखून तयार झालेली एक पद्धत आहे आणि ती महाराष्ट्रात चालूही आहे.

शेतीशाळा: भिंती नसलेला वर्ग

या कल्पनेचा उगम इंडोनेशियातला. १९८० च्या दशकात तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांनी थैमान घातलं. जितकं औषध मारावं तितके तुडतुडे वाढत होते. कारण औषधाने तुडतुडे खाणारे कोळी आणि भुंगेरेच आधी मरत होते. १९८६ मध्ये इंडोनेशियाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पण नुसत्या बंदीने शेतकऱ्याला कीड ओळखता येणार नव्हती. म्हणून १९८९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मदतीने शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या.

पद्धत साधी. साधारण २५ शेतकऱ्यांचा गट. पेरणीपासून काढणीपर्यंत आठवड्यातून एकदा सकाळी शेतातच भेटायचं. चार-पाच जणांच्या तुकड्या करून पिकात शिरायचं. काही झाडं निवडून त्यांवरच्या किडी मोजायच्या आणि मित्रकीटकही मोजायचे. पानं किती खाल्लीत, जमिनीत ओल किती, हवामान काय, हे सगळं एका मोठ्या कागदावर काढायचं. एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला मित्रकीटक, मध्ये झाड. मग सगळ्यांनी मिळून ठरवायचं, या आठवड्यात फवारायचं की नाही.

इथे व्याख्यान नसतं. शिकवणारा "हे औषध मारा" असं सांगत नाही. तो विचारतो, "तुम्हाला काय दिसलं?" अक्षरओळख नसलेला माणूसही पानावरची अळी मोजू शकतो, त्यामुळे शिक्षणाची अट राहत नाही.

भारतात डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय शेतकरी आयोगानेही चांगल्या शेतकऱ्यांच्या शेतातच शाळा भरवा, अशी शिफारस केली होती. हा आयोग आपल्याला दीडपट हमीभावासाठी माहीत आहे. पण शेतकऱ्याकडून शेतकऱ्याने शिकावं, हाही त्याच्या अहवालातला महत्त्वाचा भाग होता. त्यानंतर २००७ मध्ये आलेल्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने 'शेतकरी' या शब्दाची व्याख्याही मोठी केली. त्यात शेतमजूर, वाटेकरी आणि कुळं सगळे आले.

महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर २००९-१० पासून 'क्रॉपसॅप' ही कीड सर्वेक्षणाची योजना सुरू झाली. तिच्या जोडीने शेतीशाळा आल्या. २०१८ पासून जागतिक बँकेच्या मदतीने चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या सुमारे पाच हजार गावांत शेतीशाळा हे मुख्य साधन होतं. कामगंध सापळे लावणं, आर्थिक नुकसानीची पातळी बघून मगच फवारणी करणं हे शब्द अनेक गावांत पोहोचले ते यातून.

म्हणजे पद्धत आहे, यंत्रणा आहे, धोरणात शब्दसुद्धा आहेत.

मग अडतं कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं, यादीत नाव कोणाचं? योजना खातेदाराच्या नावाने चालतात. २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो आणि तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. ज्याच्या नावावर जमीन नाही तो मजूर इथे येतच नाही. आणि ज्या बाईने त्या शेतात आयुष्य काढलं, तिची जमीन नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. २००७ च्या धोरणाने मजुराला शेतकरी म्हटलं, पण तो शब्द अर्जाच्या रकान्यापर्यंत पोहोचला नाही.

दुसरं, त्या दिवसाच्या मजुरीचं काय? शेतकरी सकाळी दोन तास शेतीशाळेत बसला तर त्याचं शेत थांबतं, चूल थांबत नाही. मजुराचा मात्र रोज बुडतो. कंपनीतल्या शिकाऊ उमेदवाराला शिकण्याचे पैसे मिळतात आणि शेतमजुराला शिकण्यासाठी पैसे सोडावे लागतात. हा फरक जोवर आहे, तोवर शेतीशाळेत कोण दिसणार हे उघड आहे.

तिसरं, शिकून हातात काय येतं? प्रशिक्षण संपलं की प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. पण त्या कागदामुळे मजुरी दहा रुपयांनी तरी वाढते का? दाब, नोझल, वाऱ्याची दिशा, औषधाच्या डब्यावरचा त्रिकोण लाल आहे की पिवळा, निळा की हिरवा, हे ज्याला कळतं आणि ज्याला कळत नाही, त्या दोघांना पंपामागे सारखाच दर मिळतो. कौशल्याला भाव नसेल तर ते शिकायचं कशाला?

या बाबतीत एक वेगळा प्रयोग लक्षात घेण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली 'नमो ड्रोन दीदी' योजना. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाखांपर्यंत मदत आणि गटातल्या एका बाईला १५ दिवसांचं प्रशिक्षण. संख्या लहान आहे आणि ड्रोन किती चालतील, परवडतील यावर मतभेद आहेत. पण तिच्यात तीन गोष्टी एकत्र आल्या. निवड जमिनीवरून नाही, प्रशिक्षणानंतर प्रमाणपत्र आणि त्या कामाला वेगळा दर. ड्रोनसाठी हे जमतं, तर पाठीवरच्या पंपासाठी का जमू नये?

बाहेर कुठे हा हिशेब होतो का?

दोन देश बघू. दोघांची परिस्थिती आपल्यापेक्षा फार वेगळी आहे, पण प्रश्न त्यांनी आधी ओळखला.

जर्मनीत शेतकरी होणं हा सुतार किंवा इलेक्ट्रिशियनसारखाच मान्यताप्राप्त पेशा आहे. तीन वर्षांची शिकाऊ उमेदवारी असते. शिकवण्यासाठी मान्यता मिळालेल्या शेतावर काम, दरमहा पगार, जोडीला शाळा आणि शेवटी परीक्षा. म्हणजे तिथे चांगलं शेत हेच अधिकृत प्रशिक्षण केंद्र असतं.

जपानमध्ये प्रश्न म्हातारपणाचा. तिथे मुख्यतः शेती करणाऱ्यांची संख्या २०१५ मध्ये साडेसतरा लाख होती, २०२० मध्ये ती १३.६३ लाखांवर आली. त्यांचं सरासरी वय ६८ च्या घरात. पिकवणारेच उरले नाहीत तर अन्नसुरक्षा कसली, हे ओळखून जपानने २०१२ पासून शेती शिकणाऱ्या तरुणांना वर्षाला १५ लाख येन द्यायला सुरुवात केली. शिकण्याच्या काळात दोन वर्षांपर्यंत, आणि शेती सुरू केल्यावर पुढची काही वर्षं. शेतकऱ्याच्या घरात जन्म झालेला असावा, ही अट नाही.

पण शेतीतून माणसं कमीच व्हायला हवीत ना?

हा आक्षेप बरोबर आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं.

देशातले ४६ टक्के कामकरी लोक शेतीत आहेत आणि देशाच्या एकूण उत्पन्नात शेतीचा वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. इतक्या लोकांनी इतकंच वाटून घ्यायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येणार. त्यामुळे माणसं उद्योग आणि सेवांकडे जावीत, हे अर्थशास्त्राला धरून आहे. पण गेल्या काही वर्षांत झालं उलटं. २०१८-१९ मध्ये हा आकडा ४२.५ टक्के होता. कोविडच्या काळात लोक गावी परतले आणि तो वाढला, नंतर पूर्वीच्या जागी आलाच नाही.

त्याच वेळी वेचणीला बाया मिळत नाहीत, लावणीला माणूस मिळत नाही, ही तक्रारही खरी आहे. वर्षभर माणसं जास्त आणि हंगामाच्या तीन आठवड्यांत कमी, अशी ही विचित्र अवस्था.

शिकाऊ उमेदवारीने शेती परवडणारी होणार नाही. भाव, पाणी आणि बाजार हे प्रश्न तिथेच राहतील. पण शेतीत आज २५ कोटींच्या आसपास माणसं आहेत. त्यातली निम्मी उद्या बाहेर गेली तरी उरलेल्यांचं काम जास्त अवघड असणार आहे. यंत्रं येणार, पाऊस लहरी होणार, किडी बदलणार. कमी माणसांनी जास्त जबाबदारीचं काम करायचं, तर त्यांना ते यायला हवं.

काय करता येईल?

यासाठी नवं खातं काढायची गरज नाही. आहे त्याच तुकड्यांना जोडावं लागेल.

शेतीशाळा हंगामभर चालतेच. तिच्यात मजुरांसाठी आणि बायकांसाठी वेगळी जागा ठेवायची आणि त्या दिवसाची मजुरी द्यायची. विद्यावेतनाची तरतूद शिकाऊ उमेदवारीच्या योजनेत आहेच. फक्त शिकवणारा म्हणून कंपनीऐवजी चांगल्या शेतकऱ्याला किंवा शेतकरी उत्पादक कंपनीला मान्यता द्यावी लागेल. एका शेतात ३० माणसं नसतील, पण शेतकरी उत्पादक कंपनीच्या तीनशे सभासदांची शेतं मिळून एक आस्थापना धरता येते. परीक्षा आणि प्रमाणपत्रासाठी कृषी विज्ञान केंद्र आहे.

सुरुवात फवारणीपासून करता येईल, कारण तिथे चूक जिवावर बेतते. एका हंगामाची शिकाऊ उमेदवारी, मग प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलेल्या फवारणी मजुराला संरक्षक कपड्यांचा संच आणि वेगळा दर.

आणि हे होईपर्यंत? तुमच्या गावात शेती असेल तर येत्या खरिपाआधी तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चार साधे प्रश्न विचारता येतील.

१. आपल्या गावात या हंगामात शेतीशाळा आहे का? कोणत्या पिकाची, कोणाच्या शेतात?

२. तिच्यात सातबारा नसलेल्यांची नावं घेतली जातात का?

३. बायकांसाठी वेगळा गट आहे का, आणि त्याची वेळ त्यांना जमणारी आहे का?

४. फवारणी करणाऱ्या मजुरांसाठी सुरक्षित फवारणीचं प्रशिक्षण कधी आहे?

तुम्ही स्वतः मजूर लावून फवारणी करून घेत असाल तर आणखी एक. डब्यावरचा त्रिकोण कुठल्या रंगाचा आहे ते आधी बघा, औषधाबरोबरचं माहितीपत्रक त्याला वाचून दाखवा, हातमोजे आणि मास्क द्या, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारायला सांगू नका आणि नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू देऊ नका. भर उन्हात काम थांबवा आणि त्या दिवसाचा रोज पंपावर नाही, दिवसावर द्या.

यवतमाळमध्ये २०१७ साली गेलेल्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्याच्या शेतात फवारायला गेले होते. त्यांच्या पाठीवरच्या पंपात काय होतं, याची चौकशी नंतर झाली. त्यांना ते आधी कोणी सांगितलं होतं का, हे विचारणं अजून बाकी आहे.